दाब, प्रवाह आणि रोध : एका भागाकाराचा इतिहास

विद्युच्छास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत दोन लहान सूत्रें असतात. दाबाला प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध मिळतो. दाबाला प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति मिळते. पहिला भागाकार, दुसरा गुणाकार. मराठी चौथींतील मुलास जें गणित येतें त्याहून अधिक गणित यांत नाहीं. असें असतां या दोन क्रिया मनुष्याच्या हातीं यावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्यांच्यापायीं एका शिक्षकानें निराश होऊन नोकरी सोडली. त्या न समजल्यामुळें समुद्राच्या तळाशीं मैलोगणती तार निकामी होऊन पडली. आणि त्या पुरत्या समजल्यामुळें आमच्या महाराष्ट्रांत मावळांतील कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. विद्यार्थी मात्र हीं सूत्रें परीक्षेपुरतीं पाठ करितो व परीक्षेबरोबर विसरतो. त्यांच्या मागें असलेली माणसें व त्यांच्या पुढें घडलेले परिणाम त्यास कोणी सांगत नाहीं. तें सांगण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

हा इतिहास आम्ही उत्तनच्या किनाऱ्यावरून पाहणार आहों. भाईंदरच्या पश्चिमेस, समुद्राला लागून, कोळ्यांचें हें जुनें गांव आहे. डोल जाळ्यांत सांपडलेले बोंबील येथें वलांडीवर ओळीनें वाळत घातलेले दिसतात. उत्तरेस खाडीपलीकडे वसई. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत याच भागांतील धारावीच्या ठाण्यासाठीं मराठ्यांची व पोर्तुगीजांची निकराची झुंज झाली. त्या झुंजीपूर्वीं थोडींच वर्षें, १७२९ मध्यें, इंग्लंडांत स्टीफन ग्रे नांवाचा एक वृद्ध गृहस्थ दोऱ्या टांगून कांहीं निराळाच उद्योग करीत होता. घांसून विद्युत्‌युक्त केलेल्या कांचेच्या नळीची विद्युत् तागाच्या दोरीवरून शेंकडों फूट जाते, पण ती दोरी रेशमी धाग्यांऐवजीं धातूच्या तारेनें टांगिली तर वाटेंतच निसटून जाते, असें त्यास आढळलें. कांहीं पदार्थ विजेस वाट देतात व कांहीं देत नाहींत, हा भेद येथें प्रथम कळला. परंतु वाट देतात ती किती, हा प्रश्न अंकांत विचारण्यास आणखी जवळजवळ एक शतक जावें लागलें.

मधल्या काळांत हेन्री कॅव्हेंडिश या विक्षिप्त श्रीमंत शास्त्रज्ञानें तो प्रश्न एकट्यानें विचारला व सोडविलाहि. प्रवाह मोजण्याचें यंत्र तेव्हां नव्हतें. म्हणून तो आपल्या शरीरांतून विजेचा धक्का जाऊं देई, आणि दोन धक्के सारखे वाटले कीं दोन नळ्यांतील खारट पाण्याचा रोध सारखा असें ठरवी. या रानटी वाटणाऱ्या रीतीनें त्यानें काढलेले अंक आश्चर्य वाटावें इतके बरोबर आहेत. परंतु त्याचीं टिपणें पेटींत पडून राहिलीं. मॅक्सवेलनें तीं १८७९ मध्यें संपादून प्रसिद्ध केलीं, तेव्हां त्यांचें काम दुसऱ्यांनीं केव्हांच करून टाकलें होतें. ज्ञान मिळविणें व ज्ञान लोकांस देणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथें दिसून येतें.

पुढें जाण्यापूर्वीं शब्दांचा अर्थ निश्चित करूं. उंचावरील टाकीमुळें नळांतील पाण्यास जो जोर येतो तसा विजेचा दाब. नळांतून दर सेकंदास जितकें पाणी वाहतें तसा प्रवाह. आणि नळ लांब व अरुंद असल्यामुळें पाण्यास जी अडचण होते तसा रोध. दाब व्होल्टांत, प्रवाह अँपिअरांत, रोध ओहमांत व शक्ति वॅटांत मोजतात. २३० व्होल्टांच्या दाबाखालीं एखाद्या शेगडींतून ५ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर तिचा रोध ४६ ओहम आणि ती घेत असलेली शक्ति ११५० वॅट. दोन मापें हातीं आलीं कीं उरलेलीं दोन घरबसल्या काढतां येतात.

हीं मापें एकमेकांस बांधून देणारा गेओर्ग झिमोन ओहम हा १७८९ त जर्मनींतील एर्लांगेन येथें एका कुलुपें घडविणाऱ्या कारागिराच्या घरीं जन्मला. बाप शाळेंत फारसा गेला नव्हता. पण स्वतःच्या श्रमानें गणित शिकून त्यानें तें मुलांस शिकविलें. ओहम पुढें कोलोन येथील एका विद्यालयांत शिक्षक झाला व शिकवून उरलेल्या वेळांत प्रयोग करूं लागला. त्याची पहिली अडचण अशी कीं, त्या वेळच्या विद्युत्‌घटांचा जोर स्थिर राहत नसे. प्रयोग चालू असतांनाच प्रवाह मंदावे, आणि तारेच्या लांबीमुळें प्रवाह घटला कीं घटाच्या थकव्यामुळें, हें कळत नसे. १८२५ मध्यें त्यानें प्रसिद्ध केलेलें पहिलें सूत्र या कारणानें सदोषच निघालें. तेव्हां पोगेनडोर्फ या शास्त्रीय नियतकालिकाच्या संपादकानें त्यास सुचविलें कीं, घट सोडून द्या व उष्णतेपासून होणारी विद्युत् घ्या.

ही सूचना ओहमनें उचलली. बिस्मथ व तांबें या दोन धातूंचे तुकडे त्यानें जोडले; एक सांधा उकळत्या पाण्यानें तापविला, दुसरा वितळत्या बर्फांत ठेविला. पाणी उकळत आहे व बर्फ वितळत आहे तोंवर दोन्ही सांध्यांचें उष्णमान बदलत नाहीं, म्हणून विजेचा जोरहि बदलत नाहीं. या स्थिर जोरापुढें त्यानें निरनिराळ्या लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडल्या, आणि टांगलेल्या चुंबकसूचीवरून प्रवाह मोजला. १८२६ मध्यें त्यास खरा नियम सांपडला : प्रवाह हा दाबाच्या सम प्रमाणांत व एकंदर रोधाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. दुसऱ्याच वर्षीं त्यानें यावर गणिती ग्रंथ लिहिला. परंतु त्या काळच्या जर्मन विद्वानांस निसर्गाचें तत्त्वज्ञान प्रिय होतें, निसर्गाचें गणित नव्हे. ग्रंथाची उपेक्षा झाली व थोडी निंदाहि झाली. १८२८ मध्यें ओहमनें कोलोनची जागा सोडली आणि पुढील कित्येक वर्षें ओढगस्तीनें काढलीं. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ मध्यें त्यास कॉप्ली पदक दिलें, तेव्हां कोठें त्याच्या देशास जाग आली. ज्या प्राध्यापकपदाची त्यानें जन्मभर इच्छा केली तें म्यूनिक येथें १८५२ मध्यें मिळालें; दोन वर्षांनीं तो वारला.

येथें एक सूक्ष्म भेद सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं, कारण आमच्या पाठ्यपुस्तकांत तो बहुधा पुसलेला असतो. दाब भागिले प्रवाह म्हणजे रोध, ही व्याख्या झाली. ती कोणत्याहि वस्तूस लागू आहे. ओहमचा नियम याहून अधिक सांगतो. दाब दुप्पट केला तर प्रवाहहि दुप्पट होतो, म्हणजे तो भागाकार तोच राहतो, असें त्याचें म्हणणें आहे. उष्णमान कायम असेल तर धातूच्या तारा हा नियम पाळतात. परंतु जुन्या दिव्यांतील टंगस्टनची तार थंड असतांना तिचा रोध तापल्यावेळच्या रोधाच्या एक दशांश किंवा त्याहूनहि कमी असतो. आणि हल्लींच्या एल्‌ईडी दिव्याचा गाभा तर हा नियम मुळींच पाळीत नाहीं. भागाकार सर्वत्र करतां येतो, नियम सर्वत्र चालत नाहीं.

गुणाकाराची गोष्ट इंग्लंडांतील सालफर्ड येथील आहे. जेम्स जूल हा मद्य गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. त्यानें तारेचें वेटोळें पाण्यांत बुडविलें, तींतून प्रवाह सोडला व पाणी किती तापतें तें पाहिलें. १८४० व १८४१ च्या या प्रयोगांतून निघालें कीं, तारेंत दर सेकंदास उत्पन्न होणारी उष्णता ही रोध गुणिले प्रवाहाचा वर्ग या प्रमाणांत असते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट. तिप्पट झाला तर नऊपट. या वर्गांत पुढील सर्व इतिहास सांठविला आहे. ओहमचा भागाकार व जूलचा वर्ग एकत्र केले कीं दाब गुणिले प्रवाह ही शक्ति आपोआप मिळते.

तरीहि व्यवहारी माणसांस या गणिताची गरज पटली ती नुकसानीनें. १८५८ च्या ऑगस्टांत अटलांटिक महासागराच्या तळाशीं तार टाकण्यांत आली. संदेश मंद जातात असें पाहून तिच्यावरील विद्युत्‌तज्ज्ञानें सुमारे २००० व्होल्टांचा दाब दिला. आधींच दुबळें असलेलें आवरण फाटलें व महिनाभरांत तार मुकी झाली. हिंदुस्थानाशीं दळणवळण व्हावें म्हणून १८५९-६० मध्यें तांबड्या समुद्रांतून टाकलेली तारहि अशीच निकामी झाली, आणि सरकारनें हमी दिली असल्यामुळें तिचा भुर्दंड ब्रिटिश खजिन्यावर बसला. चौकशी झाली. तेव्हां दिसून आलें कीं, तांबें किती शुद्ध आहे, आवरण किती चांगलें आहे, हें एकमेकांस सांगण्यास कारखानदारांपाशीं समान मापच नाहीं. १८६१ मध्यें ब्रिटिश असोसिएशननें रोधाचें प्रमाणभूत माप ठरविण्यासाठीं समिती नेमिली. टॉमसन व मॅक्सवेल यांच्यासारखे लोक तींत राबले. १८८१ च्या पॅरिस येथील परिषदेंत ओहम, व्होल्ट व अँपिअर हीं नांवें सर्व राष्ट्रांनीं स्वीकारलीं, आणि पुढच्या वर्षीं विल्यम सीमेन्सनें शक्तीच्या मापास वॅटचें नांव सुचविलें.

१८७० मध्यें ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजानें मुंबई ते एडन ही समुद्री तार टाकली. ती पुढें सुएझमार्गें विलायतेशीं जोडलेली होती. ती टिकली, कारण आतां मोजून काम होत होतें. अशी तार समुद्रांत तुटली तर ती कोठें तुटली हें शोधण्याची रीत पाहा. किनाऱ्यावर बसून ठराविक दाब द्यावयाचा, प्रवाह मोजावयाचा, भागाकार करावयाचा. समजा तारेचा रोध मैलास ६ ओहम आहे, आणि भागाकार १२०० आला. तर दोष २०० मैलांवर आहे. तुटल्या जागींचाहि कांहीं रोध असतो, म्हणून दोन्ही किनाऱ्यांवरून मोजून तो वजा करावा लागतो. पण मूळ युक्ति हीच. खोल पाण्यांत जाळें कोठें अडकलें हें दोरीच्या ताणावरून ओळखणाऱ्या उत्तनच्या कोळ्यास ही विद्या परकी वाटूं नये. आज मुंबईस वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ज्या समुद्री तारा येतात त्यांत संदेश प्रकाशानें जातो. तरी वाटेंतील यंत्रांस शक्ति देण्यासाठीं त्या तारांत तांब्याचा वाहक असतोच, आणि दोषाचें अंतर काढतांना तोच जुना भागाकार अद्याप उपयोगीं पडतो.

समुद्रांतील तारेस दाब व रोध पुरेसे होते. शहरास दिवे देऊं लागतांच शक्तीचा प्रश्न आला. १८७८ च्या सुमारास एडिसनपुढें अडचण होती ती तांब्याच्या किंमतीची. त्या वेळचे शोधक थोड्या ओहमांचा दिवा करूं पाहत. एडिसननें गणित करून पाहिलें : दिव्यास लागणारी शक्ति तीच ठेवून त्याचा रोध वाढविला, तर दाब वाढतो व प्रवाह घटतो, प्रवाह घटला तर तारेंतील नुकसान वर्गाच्या हिशेबानें घटतें, आणि बारीक तार पुरते. म्हणून त्यानें शंभर ओहमांच्या आसपास रोध असलेला, बारीक कोळशाच्या तंतूचा दिवा शोधला. १८८२ मध्यें न्यू यॉर्क येथें त्याचें विद्युत्‌गृह सुरू झालें. त्याच सालीं मुंबईंत क्रॉफर्ड मार्केट विजेच्या दिव्यांनीं उजळण्याचा एका कंपनीनें प्रयत्न केला; तो पुढच्याच वर्षीं बंद पडला. मुंबईस वीज खऱ्या अर्थानें आली ती १९०५ नंतर, आणि १९०७ च्या मे महिन्यांत विजेची ट्राम धांवूं लागली.

तथापि एडिसनच्या ११० व्होल्टांचा पल्ला मैल-दीड मैलाहून अधिक नव्हता. धबधबा जेथें आहे तेथेंच त्याची शक्ति वापरावयाची, अशीच जगाची रीत होती. ती मोडली १८९१ मध्यें, जेव्हां जर्मनींत लाउफेनहून फ्रांकफुर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर वीज नेऊन दाखविण्यांत आली. रोहित्रानें दाब चढवावा, म्हणजे त्याच शक्तीस प्रवाह थोडा लागतो. मुक्कामीं पोंचल्यावर दाब उतरवावा. १०,००० किलोवॅट शक्ति १०,००० व्होल्टांनीं नेली तर १००० अँपिअर लागतात. १,००,००० व्होल्टांनीं नेली तर १००. तार तीच असेल तर नुकसान एक शतांश होतें. तीन तारांच्या पद्धतींत हिशेब थोडा बदलतो, तत्त्व बदलत नाहीं.

हा एक शतांशाचा हिशेब जमशेटजी टाटांच्या वारसांनीं सह्याद्रींत खरा करून दाखविला. लोणावळ्याच्या परिसरांत वळवण व शिरोता येथें धरणें बांधून घाटावरचें पावसाळी पाणी अडविलें, तें खोपोलीस सुमारे पांचशें मीटर खालीं सोडलें, आणि १९१५ च्या फेब्रुवारींत तेथील वीज १,००,००० व्होल्टांच्या दाबानें सुमारे सत्तर किलोमीटर दूर परळला नेली. गिरण्यांचीं यंत्रें कोळशाऐवजीं पाण्यावर चालूं लागलीं. पुढें १९२२ मध्यें भिवपुरी व १९२७ मध्यें भिरा हीं विद्युत्‌गृहें सुरू झालीं.

भिऱ्याचें पाणी मुळशीच्या धरणाचें. त्या धरणासाठीं मावळांतील भातशेतीचीं गांवें बुडणार होतीं, आणि १९२१ च्या एप्रिलपासून तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला. सेनापति बापट यांचें नांव त्या लढ्याशीं कायमचें जोडलें गेलें आहे. लढा हरला. आम्हांस येथें त्या लढ्याचा न्यायनिवाडा करावयाचा नाहीं. गिरण्यांस शक्ति हवी होती व कोळसा दूरचा होता, हेंहि खरें आहे. परंतु या वादांत विद्युद्दाबाचा जो भाग आहे तो क्वचित् कोणी पाहिला. पूर्वीं धबधब्याची शक्ति धबधब्यापाशींच राहत असल्यामुळें, ज्यांचें पाणी त्यांचीच शक्ति होती. उच्च दाबानें शक्तीस स्थळापासून सोडविलें. आणि त्यासरशीं जमीन देणारे एकीकडे व उजेड घेणारे दुसरीकडे असें होणें प्रथमच शक्य झालें. शास्त्रानें अन्याय केला असें आम्ही म्हणत नाहीं. शास्त्रानें अंतर पुसून टाकलें. त्या अंतराबरोबर शेजारधर्माचा जो हिशेब असे तो कोणीं नव्यानें मांडला नाहीं.

उत्तनकरांच्या रोजच्या वाटेवरील उदाहरण आगगाडीचें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली गाडी धांवली. १९२८ च्या जानेवारींत कुलाबा ते बोरिवली, आणि १९३६ मध्यें भाईंदरवरून विरारपर्यंत वीज गेली. या सर्व मार्गांवर १५०० व्होल्टांचा एकदिक् प्रवाह होता, कारण गाडीच्या त्या वेळच्या यंत्रांस तोच मानवे. आतां हिशेब करूं. गाडीस चढत्या वेगाच्या वेळीं ३००० किलोवॅट लागतात असें धरलें, तर १५०० व्होल्टांनीं २००० अँपिअर घ्यावे लागतात. वाटेंतील तारेचा रोध अवघा एक विसांश ओहम धरला तरी १०० व्होल्ट वाटेंतच पडतात व २०० किलोवॅट तारा तापविण्यांत जातात. हीच गाडी २५,००० व्होल्टांवर चालविली तर १२० अँपिअर पुरतात. दाब ६ व्होल्ट घटतो, आणि नुकसान सुमारे पाऊण किलोवॅट. उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहांत आणखी एक प्रकारची अडचण मोजावी लागते, पण पारडें कोणीकडे झुकतें हें स्पष्ट आहे. १५०० व्होल्टांस दर थोड्या मैलांवर उपकेंद्र लागे तें याचमुळें. गाड्या लांब व गर्दी अपार झाली तेव्हां हा खर्च परवडेना. पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गाचें २५,००० व्होल्टांवर रूपांतर फेब्रुवारी २०१२ मध्यें पुरें झालें. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावर तें एप्रिल २०१६ मध्यें झालें. म्हणजे १९२५ चा निर्णय बदलण्यास नव्वद वर्षें लागलीं, आणि तो बदलला त्याच जूलच्या वर्गानें.

शेवटीं घरच्या तारेकडे येऊं. उपनगरांस वीज देणारी कंपनी १९२९ मध्यें स्थापन झाली. तिच्या परंपरेंतील जाळ्यावर आज मीरा-भाईंदरहि आहे. कोणत्याहि जाळ्यांत जें घर तारेच्या टोंकाशीं असतें त्यास दाब कमी मिळण्याचा धोका अधिक, कारण वाटेंतील प्रत्येक ओहम आपला वांटा कापून घेतो. २३० व्होल्टांवर १००० वॅट घेणारी शेगडी १८४ व्होल्टांवर ६४० वॅटच घेते. दाब एक पंचमांशानें घटला, उष्णता एक तृतीयांशाहून अधिक घटली; स्वयंपाकास वेळ लागतो, एवढेंच. परंतु मासळीसाठीं बर्फ करणाऱ्या यंत्राचा पंप तसा नाहीं. त्यास ठराविक काम करावयाचेंच असतें. दाब घटला कीं तो प्रवाह अधिक ओढतो, आणि प्रवाहाच्या वर्गानें तापून त्याचें वेटोळें जळतें. बर्फ नाहीं तर मासळी नाहीं, आणि मासळी नासली तर त्या दिवशींची भाकर नाहीं. 'व्होल्टेज कमी आहे' ही लोकांची तक्रार पुष्कळदां नुसती कुरकुर समजली जाते. दाब व प्रवाह या दोन आंकड्यांची नोंद ठेविली तर तीच तक्रार पुरावा होते.

म्हणून आमचें म्हणणें एवढेंच आहे. हीं दोन सूत्रें शाळेंत शिकवितांना त्यांच्याबरोबर कुलुपें घडविणाऱ्याचा मुलगा, समुद्राच्या तळाशीं पडलेली तार, मुळशीचें पाणी आणि विरारची गाडी हींहि शिकवावीं. आंकडे तेच राहतील. पण तारेचा पल्ला कोणीं ठरविला, तिची किंमत कोणीं दिली आणि तिच्या टोंकाशीं कोण बसला आहे, हे प्रश्न विचारण्याची संवय मुलांस लागेल. आणि ज्याला मापक हातीं धरून भागाकार करतां येतो, त्यास या प्रश्नांचीं उत्तरें दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची गरज पडत नाहीं.